हाक ऐकूनही न येणारं

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर सिमरोल येतं. पुढे भेरू घाट उतरला की निमाड आणि नर्मदा, मागे माळव्याची काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू, हरभरा, बटाटा, लसूण. २००९ साली स्थापन झालेल्या आयआयटी इंदूरचं आवार याच गावाला लागून आहे. त्यामुळे जुनी कौलारू घरं, शेतकऱ्यांची गोदामं, विद्यार्थ्यांना खोल्या देणारी नवी दुमजली घरं आणि चहा-पोह्यांच्या टपऱ्या अशी सगळी वस्ती इथे एकमेकींना खेटून आहे. या वस्तीत मांजरंही आहेत, पण त्यांतली पाळलेली कोणती असं विचारलं तर सरळ उत्तर मिळत नाही. एखादं मांजर सकाळी एका घरी दूध पितं, दुपारी दुसऱ्याच्या गव्हाच्या पोत्यांवर झोपतं आणि रात्री तिसऱ्याच्या छपरावरून निघून जातं. तिन्ही घरं त्याला आपलं म्हणतात. ते यांतल्या कुणाला आपलं मानतं?

मांजराविषयीचा सगळा जुना वाद या प्रश्नात आला. एक पक्ष म्हणतो, मांजराला माणसाची ओढ नसते, जागेची असते; ते मतलबी आहे, शिकवलेलं शिकत नाही, म्हणून बुद्धीने कुत्र्यापेक्षा कमी. दुसरा पक्ष म्हणतो, त्याला सगळं कळतं, ते फक्त ऐकत नाही. दोन्हीकडच्या लोकांनी मांजरांच्या सहवासात आयुष्य काढलेलं असतं, त्यामुळे नुसत्या अनुभवावर हा वाद सुटत नाही. सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे, आणि त्यातलं उत्तम काम गेल्या वीस वर्षांतलं आहे. ते एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं की मांजराची बुद्धी मोजतो आहोत असं समजून आपण फार काळ त्याचा आज्ञाधारकपणा मोजत होतो. परीक्षा त्याच्या घरात, त्याच्या सवयींना धरून घेतली तेव्हा निकाल वेगळे लागले.

सुरुवात धान्यापासून करावी लागते. कुत्रा माणसाजवळ आला तेव्हा माणूस अजून शिकारीवर जगत होता. पुढे हजारो वर्षं त्याने राखण, शिकार, गुरं वळणं अशा कामांसाठी निवडून निवडून कुत्रे वाढवले. मांजर आलं ते शेती सुरू झाल्यावर. साठवलेल्या धान्याकडे उंदीर आले आणि उंदरांच्या मागे रानमांजर. २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या ९७९ रानटी व पाळीव मांजरांचा डीएनए तपासला, तेव्हा घरोघरची मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजराशी जुळली. सायप्रस बेटावर शिल्लुरोकांबोस इथे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाजवळ सुमारे आठ महिन्यांचं मांजर पुरलेलं सापडलं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच, तेव्हा ते कुणीतरी होडीतून नेलेलं. आपल्या उपखंडात सिंधू संस्कृतीच्या चान्हुदारो गावात अर्नेस्ट मॅके यांना १९३५-३६च्या उत्खननात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून आधी मांजर पळालं आणि मागोमाग कुत्रा, अशा पावलांचे ठसे तिच्यावर उमटले आहेत. आशियाई रानमांजर राजस्थान-कच्छपासून मध्य प्रदेशाच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत आजही आढळतं, पण आपलं घरचं मांजर त्याचं वंशज नाही. ते धान्य आणि माणसं यांच्याबरोबर बाहेरून आलेलं आहे.

या व्यवहारात माणसाने मांजराला काही शिकवण्याची गरज नव्हती. उंदीर कसा धरायचा हे त्याला ठाऊक होतंच, आणि माणसाचं काम त्याला हाकलून न देण्यापुरतं. खास जाती तयार करण्याचा छंदसुद्धा अगदी अलीकडचा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं १८७१ साली. सिमरोलच्या मांजराचा तर त्या छंदाशी काही संबंध आला नाही. त्याच्या आईने बोका स्वतः निवडला आणि बाळंतपणाची जागाही स्वतःच शोधली. आज्ञा पाळणाऱ्या मांजरालाच पिल्लं होऊ द्यावीत असा प्रयत्न त्याच्या कुळात कुणी कधी केला नाही.

स्वतंत्र वृत्तीचं दुसरं कारण पोटात आहे, आणि माळव्यात त्याचा विचार फारसा होत नाही. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. गोड चव ओळखणारा एक जनुक मांजरांच्या कुळात निकामी झालेला आहे, हे २००५ साली दाखवलं गेलं. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतून मिळवावा लागतो. तो न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो हे १९७५ साली कळलं, आणि हृदय मोठं होऊन दुबळं पडतं हे १९८७ साली. इंदूर परिसरातल्या कित्येक शाकाहारी घरांत मांजराला दूध-पोळी मिळते, तीही प्रेमाने. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, आणि पोळीत टॉरिन नसतं. तरी ही मांजरं धडधाकट असतात, कारण उरलेलं जेवण ती बाहेर करतात: गोदामातला उंदीर, शेतातला सरडा, कधी पाखरू. जे मांजर घरात टिकत नाही म्हणून आपण त्याला बेइमान म्हणतो, ते बाहेर जातं तेव्हा जगण्यासाठी आवश्यक ते मिळवायला जात असतं. त्याला दार लावून दूध-पोळीवर ठेवलं तर ते आजारी पडेल.

बुद्धीच्या प्रयोगांकडे वळताना पहिलं नाव एडवर्ड थॉर्नडाइक यांचं. त्यांचा प्रबंध १८९८ सालचा, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला. लाकडी फळ्यांच्या पेट्या करायच्या, भुकेलं मांजर आत कोंडायचं, बाहेर मासळीचा तुकडा ठेवायचा. दोरी ओढली, कडी दाबली की दार उघडतं. मांजर आधी ओरबाडतं, चावतं, धडका देतं आणि केव्हातरी चुकून कडी दाबली जाते. पुढच्या खेपांना लागणारा वेळ कमी होत जातो, पण हळूहळू. एकदम समजलं असं कुठे दिसत नाही. यावरून थॉर्नडाइक यांनी निष्कर्ष काढला की जनावर विचार करत नाही, फळ मिळालेली कृती तेवढी पक्की होते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा नियम अजून शिकवला जातो, आणि त्याच्याबरोबर मांजर आंधळेपणाने धडपडणारं जनावर म्हणून रुजलं. भुकेल्या, कोंडलेल्या आणि घाबरलेल्या प्राण्याची ती परीक्षा होती, हे तेव्हाच काहींनी म्हटलं होतं. इंग्रज विचारवंत एल. टी. हॉबहाऊस यांनी १९०१ साली याच मुद्द्यावर हरकत घेतली. त्यांचं फारसं ऐकलं गेलं नाही.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे, आणि या सगळ्या आढाव्यात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. १९४६ साली एडविन गथ्री आणि जॉर्ज हॉर्टन यांनी तसाच पेटीचा प्रयोग केला. पेटीत मधोमध एक दांडा. त्याला धक्का लागला की दार उघडणार. मांजरं त्या दांड्याला अंग घासत आणि दार उघडे. तेच मांजर प्रत्येक वेळी जवळजवळ त्याच ढंगाने अंग घासतं, हे पाहून दोघांनी मानलं की मांजर एकदा जुळलेली हालचाल यंत्रासारखी पुन्हा पुन्हा करतं. ही समजूत तीसेक वर्षं टिकली. १९७९ साली ब्रूस मूर आणि सुझन स्टटर्ड यांनी कॅनडात एक साधी गोष्ट करून पाहिली. पेटीजवळ माणूस दिसत असताना आणि दिसत नसताना मांजर काय करतं, एवढंच त्यांनी तपासलं. माणूस दिसला की मांजर दांड्याला अंग घासतं, माणूस नसला की घासत नाही. दार उघडण्याशी, बक्षिसाशी त्याचा काही संबंध नव्हता. ओळखीचा माणूस दिसला की मांजर पायांना किंवा पाय आवाक्यात नसतील तर जवळच्या खांबाला अंग घासतं, तेच ते करत होतं. बुद्धीची म्हणून जी कृती मोजली जात होती ती खरं तर माणसाला दिलेली ओळख होती. समोर उभ्या असलेल्या दोघा विद्वानांना ती दिसली नाही, कारण आपणही प्रयोगाचा भाग आहोत असं त्यांना वाटलंच नाही. आपल्या स्वयंपाकघरात पायांत घोटाळणारं मांजर नेमकं हेच करत असतं.

कुत्र्याशी तुलना टाळता येत नाही, तेव्हा तीही पाहू. बुडापेस्टच्या अ‍ॅडम मिक्लोशी यांच्या गटाने २००५ साली कुत्री आणि मांजरं यांच्यावर सारखेच प्रयोग केले. माणसाने बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे जायचं, या परीक्षेत दोघांत फारसा फरक आढळला नाही. त्यानंतर दोघांपुढे न सुटणारं कोडं ठेवलं: खाणं दिसतं, पण काढता येत नाही. कुत्रं थोडा वेळ झटून मालकाच्या तोंडाकडे पाहू लागतं. मांजर माणसाकडे क्वचित पाहतं आणि स्वतःच खटपट करत राहतं. हा फरक खरा आहे, पण तो अकलेचा नाही. अडचण आली की मदत मागावी ही सवय कुत्र्याच्या वंशात माणसाने रुजवली. मांजर एकट्याने शिकार करणाऱ्या पूर्वजांकडून आलेलं आहे. मेंदूच्या बाह्य थरातल्या पेशींची मोजदादही झाली आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत कुत्र्याच्या सुमारे ५३ कोटी आणि मांजराच्या सुमारे २५ कोटी भरल्या. कुत्र्याचे चाहते हा आकडा आवर्जून सांगतात. मला त्यावरून दैनंदिन वागणुकीविषयी फार काही सांगता येईलसं वाटत नाही. मांजर माणसाकडे कधीच पाहत नाही असंही नाही. फिती लावलेला विजेचा पंखा खोलीत ठेवून इटलीत २०१५ साली केलेल्या प्रयोगात बहुतेक मांजरांनी त्या अनोळखी वस्तूकडे आणि मालकाकडे आळीपाळीने पाहिलं, आणि मालकाचा चेहरा घाबरलेला असला तर ती निसटण्याची वाट शोधू लागली.

मांजराला खरा न्याय मिळाला तो जपानमध्ये. आत्सुको साइतो यांनी मांजराच्या घरी जाऊन काम केलं. मांजराला प्रयोगशाळेत आणलं नाही. २०१३ सालच्या त्यांच्या प्रयोगात मांजराला आधी परक्या माणसांनी त्याच्या नावाने मारलेल्या हाका ऐकवल्या आणि मग मालकाची. परक्या आवाजांना मांजर सरावत गेलं, मालकाचा आवाज येताच कान आणि मान पुन्हा हलली. उठून मात्र ते आलं नाही, उत्तरादाखल आवाजही क्वचितच काढला. ‘कळतं पण वळत नाही’ हे घरोघरचं निरीक्षण इथे मोजून सिद्ध झालं. २०१९ साली त्यांच्याच गटाने ७८ मांजरांवरचं काम प्रसिद्ध केलं. नावाच्याच लांबीचे आणि सुरांचे चार शब्द ऐकवून मग नाव उच्चारलं की मांजराला आपलं नाव वेगळं कळतं, अनोळखी आवाजात उच्चारलं तरी. साहो ताकागी यांचे प्रयोग आणखी पुढचे. २०१६ साली त्यांनी दाखवलं की डबा हलवल्यावर आवाज आला तर आत वस्तू असणार, असा हिशेब मांजर करतं. आवाज येऊनही डब्यातून काही पडलं नाही तर ते अधिक वेळ टक लावून पाहतं. २०२१ साली त्यांनी मालकाचा आवाज आधी एका ठिकाणाहून आणि लगेच दूरच्या दुसऱ्या ठिकाणाहून ऐकवला. मांजरं चकित झाली. मालक दिसत नसतानाही तो घरात कुठे असेल याचा अंदाज मांजर मनात बाळगतं, असा त्याचा अर्थ. गच्चीवर पाठ करून झोपलेलं मांजर आपल्या हालचालींचा नकाशा ठेवून असतं, हे मला तरी थक्क करणारं वाटतं.

आता ओढीचा प्रश्न. लहान मुलांसाठी मेरी एन्सवर्थ यांनी तयार केलेली एक कसोटी आहे: अनोळखी खोलीत आईबरोबर थोडा वेळ, मग एकटं, मग आई परत येते. परतल्यावर मूल आईला भेटून लवकर शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं का, हे पाहायचं. ऑरेगन स्टेट विद्यापीठातल्या क्रिस्टिन व्हिटाली यांनी ही कसोटी पिल्लांना लावली. २०१९ सालच्या त्यांच्या निबंधात ७० पिल्लांपैकी सुमारे ६४ टक्के पिल्लं मालकाच्या येण्याने निश्चिंत होणारी निघाली. प्रौढ मांजरांतही प्रमाण सुमारे ६६ टक्के, म्हणजे मानवी बाळांच्या जवळपास. पण चारच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाच्या अ‍ॅलिस पॉटर आणि डॅनियल मिल्स यांनी २० मांजरांवर असाच प्रयोग केला होता, आणि मांजर माणसाकडे आधार म्हणून पाहतं याला पुरावा मिळाला नाही असं म्हटलं होतं. या दोन निष्कर्षांत मी व्हिटाली यांच्याकडे झुकतो, तेही अर्धाच. अनोळखी खोली ही मांजरासाठी मुळातच भयाची जागा असते, आणि तिथे ते कसं वागलं यावरून घरी त्याची ओढ किती हे ठरवणं अवघड आहे. व्हिटाली यांचा २०१७ सालचा दुसरा प्रयोग मला अधिक विश्वासाचा वाटतो. खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास यांतून निवड करायला दिली तेव्हा सुमारे निम्म्या मांजरांनी माणूस निवडला, खाण्याच्याही आधी. मांजर मतलबी आहे असं म्हणणाऱ्यांना उरलेली मांजरं पुढे करता येतील, पण ‘सगळीच मतलबी’ हे म्हणणं त्यानंतर टिकत नाही.

‘मांजर घराचं, माणसाचं नव्हे’ या समजुतीमागे आपल्याकडचा एक जुना रिवाज आहे. नकोशा मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा गावाबाहेर सोडून यायचं आणि दोन-चार दिवसांत ते परत दारात हजर झालेलं पाहायचं. पोत्यातून नेलेलं मांजर रस्ता कसा शोधतं हे पुरतं उलगडलेलं नाही, पण परतीचे प्रयोग जुने आहेत. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली एका मांजरीला तिच्या पिल्लांपासून काही मैल दूर नेऊन सोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि ती परत येत राहिली. ती परत येत होती ती पिल्लांसाठी. आपल्याकडेही मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात, म्हणजे तिला भिंतींचा मोह नसतो हे लोकांना ठाऊक आहे. मग सोडून दिलेलं मांजर परत आलं तर त्याला जागेची ओढ होती आणि आपली नव्हती, हे आपण कशावरून ठरवतो?

मांजराला ढोंगी ठरवण्याची परंपरा मात्र फार जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात उलूकाकरवी धाडलेल्या निरोपात गंगाकाठी तप करून उंदरांचा विश्वास मिळवणाऱ्या मांजराची गोष्ट येते. मनुस्मृती दांभिक माणसाला बैडालव्रतिक म्हणते. हितोपदेशातलं दीर्घकर्ण मांजर आंधळ्या गिधाडाला फसवून पाखरांची पिल्लं खातं. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पात पुढचे पाय वर करून तप करणारं मांजर आणि भोवती उंदीर कोरलेले आहेत. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते त्या षष्ठीचं वाहन मांजरच, पण हे रूप आपण विसरलो आणि डोळे मिटून दूध पिणारं मांजर तेवढं लक्षात ठेवलं. त्या मिटलेल्या डोळ्यांविषयी २०२० साली ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी वेगळंच दाखवलं. माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे बारीक केले तर मांजरही तसंच करतं, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ ते अधिक सहज जातं. मांजराच्या जगात रोखून पाहणं म्हणजे धमकी, आणि अर्धे मिटलेले डोळे म्हणजे समोरच्यापासून भीती नसल्याची खूण. ज्या हावभावावरून आपण त्याला लबाड ठरवलं तो विश्वासाचा हावभाव आहे.

आवाजाचीही तीच तऱ्हा. मोठी मांजरं एकमेकांशी म्याव करून क्वचितच बोलतात. तो आवाज पिल्लू आईला देतं, आणि माणसाबरोबर वाढलेलं मांजर तो जन्मभर माणसासाठी राखून ठेवतं. कॅरन मॅककोंब यांनी २००९ साली दाखवलं की खाणं मागतानाच्या गुरगुरीत मांजर बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला एक उंच सूर मिसळतं, आणि मांजर कधी न पाळलेल्या माणसांनाही त्यात निकड ऐकू येते. माणसाशी काही देणंघेणं नसलेला प्राणी माणसाच्या कानासाठी असा सूर घडवत नाही.

स्वभावाबद्दल जे कळलं आहे त्याचा उपयोग सिमरोलच्या कुठल्याही घराला उद्या सकाळपासून करता येईल. फिलाडेल्फियात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात पिल्लांवर केलेल्या कामातून दिसलं की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाच्या हातात खेळलेलं पिल्लू पुढे माणसाळतं, आणि रोज १५ मिनिटं हाताळलेल्यापेक्षा ४० मिनिटं हाताळलेलं अधिक. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ साली त्यात बापाचा वाटा दाखवला. धीट बोक्याची पिल्लं धीट निघतात, त्या बोक्याने पिल्लांचं तोंडही पाहिलेलं नसताना. हेलसिंकीत जवळपास सहा हजार मांजरांच्या माहितीवरून २०१९ साली निघालेला अंदाज असा की एकेका जातीतल्या मांजरामांजरांत वागण्याचा जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा अनुवंशातून येतो. आता गावातली परिस्थिती पाहा. मांजरी विते कडब्याच्या गंजीत, माळ्यावर, गोदामाच्या कोपऱ्यात. पिल्लं माणसाच्या नजरेला पडतात ती पाच-सहा आठवड्यांची होऊन धावायला लागल्यावर. मग कुणीतरी दहा आठवड्यांचं पिल्लू धरून घरी आणतं, ते पलंगाखाली दडून बसतं, आणि घर म्हणतं, मांजर स्वभावानेच तुसडं. त्या पिल्लाच्या आयुष्यातला माणूस ओळखण्याचा काळ संपल्यावर त्याची माणसाशी पहिली भेट झालेली असते. माळ्यावर पिल्लं आहेत हे कळलं तर तिथे शिडी लावून रोज थोडा वेळ बसावं, मांजरी बिथरत नसेल तर पिल्लांना हात लावावा, घरातली मुलं, बायका, पुरुष सगळ्यांचे आवाज त्यांच्या कानांवर पडू द्यावेत. एवढ्याने पुढच्या दहा-बारा वर्षांचं नातं बदलतं.

मांजराच्या बाजूने बोलताना त्याच्याविषयी खोटं सांगू नये, म्हणून दोन गोष्टी. एक, उंदरांच्या बंदोबस्ताचं श्रेय आपण त्याला जरा जास्त देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रुकलिनच्या कचरा केंद्रातल्या निरीक्षणात मांजरांनी ७९ दिवसांत अवघे दोन मोठे उंदीर मारलेले दिसले. बाकीचे उंदीर मारले गेले नाहीत, ते लपून राहू लागले. घरउंदीर, शेतातले लहान उंदीर यांचा मांजर फडशा पाडतं, घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. जखमेची किंमत एकट्या शिकाऱ्याला परवडत नाही, तेव्हा हाही शहाणपणाच म्हणायला हवा, पण गोदामवाल्याने सगळी भिस्त मांजरावर ठेवू नये. दुसरी गोष्ट गंभीर आहे: भरल्या पोटीही मांजर पाखरं मारतं. घाटाच्या कडेला, चोरल नदीच्या खोऱ्याकडे पसरलेल्या झाडीत जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ सालच्या कामात मांसाचं प्रमाण जास्त असलेल्या खाण्याने मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्के. दूध-पोळी देऊन मांजराला रानात पाठवणाऱ्या आपल्या घरांनी हे आकडे लक्षात ठेवायला हवेत. त्याचबरोबर मांजराची नसबंदी आणि रेबीजची लस. ती दिली नाही तर मुलांना हाताळायला लावणं धोक्याचं आहे.

हे सगळं संशोधन जपान, युरोप, अमेरिका इथल्या घरांतलं. तिथलं मांजर एका घराचं असतं. रस्त्यावरच्या भारतीय कुत्र्यांवर कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्र यांच्या गटाने मोलाचं काम उभं केलं, तेही रस्त्यावर जाऊन. तीन घरांत वाटलेल्या मांजराला तशाच चिकाटीच्या अभ्यासकांची गरज आहे, आणि सिमरोलमध्ये असं मांजर आणि विज्ञानाचे विद्यार्थी एकाच गल्लीत राहतात.

पहिला प्रयोग कोणता करावा, हे मला साइतो यांच्या २०१९च्या निबंधातल्या एका बारीक नोंदीवरून सुचतं. घरातल्या मांजरांना आपलं नाव आणि सोबतच्या मांजराचं नाव यांतला फरक कळला. जिथे अनेक मांजरं ठेवतात आणि पाहुणे येत-जात असतात त्या मांजर-कॅफेतल्या मांजरांना तो कळला नाही. सिमरोलचं मांजर या दोन्हींच्या मधलं आहे. एका मराठी घरात ते मनी असतं, शेजारच्या घरात बिल्लो, आणि विद्यार्थ्यांच्या खोलीवर त्याला कुणी तेलुगू किंवा मल्याळी नावाने बोलावतं. तिन्ही नावं त्याला आपली म्हणून कळतात का? की नाव कळतच नाही, फक्त तिन्ही आवाज ओळखीचे आहेत? की प्रत्येक नाव त्या त्या घराशी बांधलेलं आहे, आणि पहिल्या घरच्या बाईने तिसऱ्या घरचं नाव उच्चारलं तर त्याचे कान वळणार नाहीत, किंवा नवल वाटून जास्तच वळतील? साइतो यांच्या पद्धतीने सारख्या लांबीचे चार शब्द आणि पाचवं नाव, तीन आवाजांत ध्वनिमुद्रित करून, प्रत्येक घरात आणि घरांची अदलाबदल करून ऐकवलं तर या तिन्ही शक्यता वेगळ्या करता येतील. त्यासाठी लागणारं सामान विद्यार्थ्यांच्या कुठल्याही खोलीत आहे: एक फोन, एक लहान स्पीकर आणि मांजराचे कान टिपू शकेल एवढा कॅमेरा.